धावपट्टीची राखण

चांगुणाच्या नोकरीला कागदावर लांबलचक इंग्रजी नाव आहे. गावात मात्र एवढंच म्हणतात, "चांगुणा इमानं राखती."

पारनेर तालुक्यातल्या त्या माळावर शिकाऊ वैमानिकांसाठी एक छोटी धावपट्टी आहे. तिच्यासाठी चांगुणाच्या सासरची अकरा एकर जमीन गेली. बदल्यात घरटी एक नोकरी मिळणार होती. पाखरं हाकायची नोकरी म्हटल्यावर तिचा दीर बन्सी हसला, "हे काय मरदाचं काम हाय व्हय?" आणि त्याने कॅन्टीनचा ठेका घेतला. नोकरी विधवा भावजयीकडे आली. चांगुणाचं निम्मं लहानपण माहेरी बाजरीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गेलेलं. तिला हे काम कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरीही आठ दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यातलं एक वाक्य ती विसरली नाही: उतरत्या विमानाच्या काचेवर घार आदळली तर काच फुटून पोराच्या तोंडावर येते. बाकी नियम तिने वहीत उतरवून घेतले. पाखरं दिसली की आधी टॉवरला कळवायचं, मग हाकायची. कुंपणाच्या आत उघडं अन्न, खरकटं काही न्यायचं नाही. धावपट्टीवर खडासुद्धा राहता कामा नये. म्हणून गोफण घरून आणली तरी तिच्यात ती दगड घालत नाही. रिकामी गोफण गरगरा फिरवून एक दोर सोडते. टोकाचा फटका बंदुकीसारखा वाजतो. कंपनीचे फटाके वर्षातून चार महिने संपलेले असतात, गोफण संपत नाही.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असतो. भेळेचा कागद टाकणाऱ्या पाहुण्याला तिने फाटकापर्यंत परत नेऊन तो कचरापेटीत टाकायला लावला होता. पाहुणा कंपनीचा संचालक निघाला. "मग तर तुमाला जास्तच कळाया पायजे," ती म्हणाली.

यंदाच्या सर्वपित्री अमावास्येला बन्सीने व्यवस्थापकांकडून परवानगी काढली. त्यांच्या जुन्या विहिरीचा ओटा कुंपणाच्या आत, धावपट्टीच्या टोकापासून हाकेच्या अंतरावर आहे. चांगुणाचे सासरे भिमाजी त्या ओट्यावरच वारले. त्यांचा घास तिथेच ठेवायचा, असं भावकीने ठरवलं. व्यवस्थापकांना गावाशी वाकडं नको होतं. बारा ते साडेबारा विमान उतरणार नाही, असं त्यांनी तोंडी सांगितलं. कुठे लिहिलं नाही.

"साहेब, अन्न आत न्हाई न्यायचं. नियम तुमीच दिला," चांगुणा म्हणाली.

"चांगुणाबाई, तुमच्याच सासऱ्यांचं आहे ना? अर्ध्या तासाने काय होतंय!"

केळीच्या पानावर भात, खीर, वडे मांडून झाले. दहा मिनिटं गेली, वीस गेली. कावळा येईना. लांब बाभळीवर चाळीसेक बसले होते, पण एकही ओट्याकडे सरकत नव्हता. चार वर्षं गोफणीचा फटका ऐकलेले कावळे ते.

बन्सीने मागे पाहिलं. "वैनी, तू हाय म्हणून येईनात. वळखत्यात तुला. जा तिकडं शेडमागं."

"ही माझी जागा हाय, भावजी."

"बापाचा घास अडवती व्हय? सून हायेस का वैरीण?"

व्यवस्थापकांनी हात जोडून शेडकडे बोट दाखवलं. चांगुणा दात-ओठ खात गेली. वॉकी-टॉकी मात्र हातातच ठेवला. ती आड होताच एक कावळा उतरला, मग दहा, मग बाभूळ रिकामी झाली. भावकीने समाधानाने हात जोडले. वड्यांच्या वासाला वर चार घारी आल्या आणि धावपट्टीच्या टोकावर खाली खाली फिरू लागल्या. साडेबारा होऊन गेले. कुणी उठेना; प्रसादाची खीर अजून वाटायची होती.

बारा चाळीसला चांगुणाला पूर्वेकडे ठिपका दिसला. एकटीने उडायची तिसरीच वेळ असलेली एक मुलगी परत येत होती.

"टावर, टोकाला घारी हायेत, कावळे बी. उतरवू नका," ती म्हणाली.

टॉवरवर हर्षल होता. "मावशी, साहेब म्हणाले साडेबाराला मोकळं होईल..."

"साहेबांच्या डोळ्यानं बघतो का माझ्या? पोरगी मरंल ना रं!"

हर्षलने विमानाला घिरटी घालायला सांगितलं. डोक्यावरून आवाज निघून गेला तोवर चांगुणा ओट्यापाशी पोचली होती. तिने गोफण फिरवली. फटका वाजला, दुसरा वाजला. कावळे उधळले, घारी गावाच्या दिशेने गेल्या. मग तिने पान चारी टोकांनी उचललं, गाठोडं केलं आणि बन्सीच्या छातीला लावलं.

"बापाचा घास पायाखाली तुडवलास!" बन्सी ओरडला.

"तुडवला न्हाई, उचलला. मामंजी जन्मभर पिकावरची पाखरं हाकीत गेले. तुमी त्यांच्याच रानात बोलवून आणली. जा, कुंपणाभायेर ठेवा."

विमान दुसऱ्या खेपेला सरळ उतरलं. मुलगी खाली आली, पाणी प्यायली, डब्याकडे गेली. काय टळलं हे तिला कुणी सांगितलं नाही. चांगुणाने नोंदवहीत वेळ लिहिली, कावळे चाळीस, घारी चार लिहिल्या. कारणाच्या रकान्यात लिहिलं: साहेबांच्या परवानगीने आत आणलेलं जेवण.

सोमवारी तिच्या हातात बदलीचा कागद आला. काम: मुख्य फाटक. कारण: ग्रामस्थांच्या भावना. भावकीने आधीच तिचं घर वाळीत टाकलं होतं. शेजारची बनुबाईसुद्धा नजर चुकवत होती. चांगुणाने कागद दोनदा वाचला आणि व्यवस्थापकांच्या टेबलावर परत ठेवला.

"जाते फाटकावर. पण उद्यापासनं पाखरं कोन बघनार, त्याचं नाव ह्यात न्हाई."

"ते नंतर बघू."

"इमानं नंतर उतरत्यात का? नाव लिवा. तवर मी धावपट्टी सोडत न्हाई."

व्यवस्थापकांनी कॅन्टीनमधून बन्सीला बोलावलं आणि विचारलं. बन्सीने कागद पाहिला, बाहेरचं ऊन पाहिलं, आणि भट्टीवर दूध आहे म्हणून निघून गेला. आणखी दोघांना विचारून झालं.

नावाची जागा अजून कोरी आहे. चांगुणा रोज सकाळी सहाला धावपट्टीवर हजर असते. तिच्याशी कुणी बोलत नाही. टॉवर तेवढा बोलतो.