लिफ्टमामांचा कान

मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबणाऱ्या गृहस्थांना सगळे लिफ्टमामा म्हणत. त्यांचं तोंड कायम बटणांकडे आणि पाठ लोकांकडे. इस्पितळ नावाजलेलं, त्यामुळे कुठून कुठून माणसं यायची आणि दार बंद झालं की आपापल्या भाषेत मोकळेपणानं बोलायची, कारण पाठमोऱ्या माणसापुढे कुणी संकोच करत नाही. मामांना त्यातलं अक्षरही कळत नसे. पण तिसरा मजला येईपर्यंत ते भाषा ओळखत. कुणाचं वाक्य शेवटाला वर चढतं, कुणाचं धाडकन खाली येतं, कोण शब्द गिळतं, कोण घशातून खरवडून काढतं, हे त्यांच्या कानात पक्कं बसलं होतं. सिस्टर लोक चहाची पैज लावत आणि चहा मामाच पीत.

एकदाच काय ते मामा तोंडावर आपटले. मागून आलेलं बोलणं ऐकून त्यांनी कुठल्याशा बर्फाळ देशाचं नाव छातीठोकपणे सांगितलं, आणि तो माणूस निघाला मागच्या गल्लीतला, दातांच्या विभागातून अर्धा जबडा बधिर करून घरी चाललेला. तेव्हापासून ऐन उन्हाळ्यातही सिस्टर विचारायच्या, मामा, आज बर्फ पडलाय का?

अशा या मामांना नातू झाला, तोही परमुलखात. मुलानं नोकरीच्या गावची मुलगी केली होती. सून गुणाची, आपली भाषा मोडकीतोडकी का होईना बोलायची. पण बाळ दिवसभर तिच्या आईवडिलांकडे. वर्षाचं झालं तसं ते बोलू लागलं, म्हणजे शब्द एक नाही, नुसती अखंड बडबड. व्याह्यांनी फोनवरून सुनेकरवी कळवलं की बाळ आमच्या भाषेत बोलतंय. मामींना ते चांगलंच झोंबलं. मामांनी तर सगळ्या इस्पितळात सांगून टाकलं की नातू आपल्याच भाषेत बोलतो, त्यांच्या कानाला कोण आव्हान देणार? खरं तर फोनवर त्यांना खरखरीपलीकडे काही ऐकू आलं नव्हतं.

आणि मनातून ते धास्तावले होते. आयुष्यभर इतक्या भाषा ओळखल्या, पण त्यातल्या एकीतही कुणाशी दोन शब्द बोलले नव्हते. नातूही लिफ्टमधल्या माणसांसारखा आपल्या पाठीमागे बोलत राहील आणि त्याचा मजला आला की उतरून जाईल, असं त्यांना सारखं वाटायचं.

मग एकदा सगळे आठ दिवसांसाठी आले, बाळ, मुलगा, सून आणि सोबत व्याही. चहा झाला न झाला तोच मामी म्हणाल्या, होऊन जाऊ दे निकाल. मामांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि सगळ्यांकडे पाठ करून बसले, कारण समोरून ऐकायची त्यांना सवयच नव्हती. बिचाऱ्या व्याह्यांना वाटलं, यजमान आपल्यावर रुसले. ते उठून बॅग शोधू लागले, तेव्हा सुनेनं त्यांना कसंबसं समजावून बसवलं.

बाळ रांगत मध्यभागी आलं आणि त्यानं चमच्याला उद्देशून लांबलचक भाषण ठोकलं. मामांना पहिल्या दमातच कळलं. मधेच अडखळून वर उचललेला तो सूर आपला नव्हता, सुनेच्या माहेरचा होता. मामी डोळ्यांत प्राण आणून बघत होत्या. एक शब्द खोटा बोलले असते तर घरात आणि इस्पितळात दोन्हीकडे मान ताठ राहिली असती.

"व्याह्यांची आहे," मामा भिंतीला म्हणाले.

"नीट ऐका परत," मामी म्हणाल्या.

"ऐकलं. त्यांचीच आहे."

मामांना फार वाईट वाटलं. सुनेनं वडिलांना अर्थ सांगितला, पण तेही काही नाचले नाहीत. त्यांनी नुसता आपल्या पुढ्यातला लाडू मामांच्या बशीत सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून न्हाणीघरात असताना मामा पुन्हा त्याच स्टुलावर बसले होते. मागे बाळ बडबडत होतं. मामांनी, नुसता चाळा म्हणून, भिंतीकडे बघत तोच सूर उचलला. शब्द एकाचाही ठिकाणा नव्हता, तोंडाला येईल ते, पण चढउतार तंतोतंत. बाळ थबकलं. मग त्यानं सविस्तर उत्तर दिलं. मामांनी ते खोडून काढलं. बाळाला ते पटलं नाही. वाद रंगला आणि कोपऱ्यात बसलेले व्याही पोट धरून हसू लागले.

सून ओल्या केसांनी धावत बाहेर आली आणि खोलीभर बघत राहिली.

"माझे काका कधी आले?" तिनं विचारलं.

कुणीच आलं नव्हतं. व्याह्यांनी डोळे पुसत मामांकडे बोट दाखवलं. मामा लाजले आणि अजून भिंतीकडेच बघत म्हणाले, "सूनबाई, 'इकडे ये' याला तुमच्यात काय म्हणतात?"

तिनं सांगितलं. मामांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. मग उठले, स्टूल फिरवून बाळाकडे तोंड करून बसले आणि तेच म्हणाले. बाळ चमचा टाकून त्यांच्याकडे आलं.