आईचं माहेर

तान्हं मूल उचलण्याआधी माझी आई दोन्ही तळवे चुलीच्या धगीवर धरायची. मग ते स्वतःच्या गालाला लावून बघायची आणि पुरेशी ऊब आली असं वाटलं, तरच मुलाला हात घालायची. वैशाखात जामखेडकडच्या आमच्या गावात पत्रा तापून घरात बसवत नसे, तेव्हासुद्धा हे चालायचं. कुणी हसलं तर म्हणायची, "हसा. तेला बोलता येत असतं तर तेनंच सांगितलं असतं, म्हातारे, हात गार हायेत तुजे." माझ्या भावाची तिन्ही मुलं तिनं अशी वाढवली. माझा एकुलता एक मुलगा मात्र त्या हातांत वाढला नाही. हे मी विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातवा महिना लागला की लेकीनं यायचं आणि बाळ दोन-अडीच महिन्यांचं झालं की परत जायचं. मीही श्रीगोंद्याजवळच्या सासरहून तशीच आले. बघते तर धाकट्या भावाची, बबनची, बायको रतन तेवढ्याच दिवसांची. रतनला आईबाप नव्हते. चुलत्यानं वाढवलेली, आणि त्यानं "आमच्याकडं करनारं कुनी न्हाई" म्हणून हात वर केलेले. घर दोन खणांचं, पाणी टँकरचं. आठव्या दिवशी माझे केस विंचरता विंचरता आई म्हणाली, "कांते, तू माघारी सासरी जा. तुजी सासू हाताची चांगली हाय."

"आन् ही?"

"हिला कुनी न्हाई गं."

"माहेर माजं हाय का तिचं?"

आईनं फणी थांबवली नाही. "तू उभी राहशील तिथं तुजं नीट हुईल. हिचं तसं न्हाई."

हे कौतुकच होतं, असं मला पुढे बऱ्याच जणांनी समजावलं. समजावणाऱ्यांपैकी कुणालाही सात महिन्यांचं पोट घेऊन एसटीनं परत पाठवलेलं नव्हतं. आईनं दोन दिवस खपून डिंकाचे लाडू केले होते. तो डबा मी थांब्यावरच्या बाकावर तसाच ठेवला आणि गाडीत चढले. आई बघत होती.

माझ्या मुलाच्या, संतोषच्या, बारशाला ती आली. आल्या आल्या सासूबाईंच्या चुलीपुढे बसली, तळवे शेकले, गालाला लावले. मी म्हटलं, "झोपलाय तो." तो जागा होता. पाळण्यात पाय झाडत होता आणि ते तिला दिसत होतं. "निजू दे, निजू दे," म्हणाली आणि ते शेकलेले हात पदरात घेऊन तशीच बसून राहिली.

सासरी माझं नीटच झालं, तिच्या म्हणण्याप्रमाणे. दोन शेळ्यांपासून सुरुवात केली. आज बोकडाच्या कण्यावरून हात फिरवला की मी वजन सांगते, आणि जनावरांच्या बाजारात माझ्याशी सौद्याला बसायचं म्हणजे दलाल आधी तंबाखू मळून घेतात. घर बांधलं, खाली फरशी घातली, जीप घेतली. यातलं मला कुणी आयतं दिलेलं नाही. माहेरी गेले की मी हे बोलून दाखवायचे, जरा मोठ्यानंच. आई पाट सरकवायची. "टेक आधी. भांडान कुठं पळून चाललंय व्हय?"

एकदा मी तिच्यासाठी जाड लोकरीची शाल नेली. पुढच्या खेपेला बघते, तर शाल रतनच्या पोरीच्या, पिंकीच्या, अंगावर. मी दारातूनच आवाज चढवला. "तुला आनली हुती मी! का या घरात माज्या हातचं काईच तुज्या अंगाला लागत न्हाई?" रतन चुलीकडून उठली आणि शाल काढायला धावली. आईनं तिचा हात धरला. "पोरगी तापानं फनफनलीय. शालीला काय ठावं, ती कुनाची हाय?" मग मला म्हणाली, "तू लेकरावर चिडली न्हाईस कांते, माज्यावर चिडलीस. मग माज्याशी भांड. मी हाय की हितं." तिच्याशी भांडायला मजा यायची नाही. ती भाव करायचीच नाही. मी दहा शब्द बोलले की ती एक बोलायची आणि तो खरा निघायचा.

पिंकी पुढे नगरला नर्सिंगला गेली, तेव्हा आईला व्हिडिओ कॉलचं वेड लागलं. फोन समोर धरायचा हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. ती तो कानालाच लावायची. पिंकीला आजीचा नुसता कान दिसायचा. "आजी, कान धुतला न्हाईस आज!" पिंकी ओरडायची, आणि आई खरंच पदरानं कान पुसायची. संतोषही तिला फोन करायचा, माझ्या पाठीमागे. सुट्टीत तर मला न विचारता तिकडे जाऊन राहायचा. मी विचारलं, "काय ठेवलंय रे तिथं?" तर म्हणाला, "आजी काई विचारत न्हाई. नुसती जेवायला वाढती." म्हणजे आई रतनची झाली, आणि माझा मुलगा आईचा. मी दोन्हीकडून गेले.

आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून घरी येऊन तिला आठवडा झाला, तेव्हा मी जीप घेऊनच गेले. रतनला सांगितलं, "आता मी नेते. माज्याकडं पलंग हाय, संडास घरात हाय." रतननं आईची गाठोडी बांधली, उशी दिली आणि जीपपर्यंत तिला सावरत आली.

माझ्या घरी आई तीन दिवस जेवली नाही. दूधभाकरी केली, मऊ भात केला. घास तोंडात घातला की बाहेर यायचा. वाचा गेलेली, त्यामुळे काय हवं ते सांगता येईना. मी तिच्यावर ओरडले. आजारी आईवर ओरडले, हो. शेवटी नाक मुठीत धरून मी रतनला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, दूध नगा देऊ. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं करा, त्यात भाकरी कुस्करा. आन् घास डाव्या गालाकडून द्या, उजवीकडं तेन्ला कळत न्हाई." मी तसं केलं. आई पातेलंभर जेवली. मी भांडी आदळत घासली, कारण माझ्याच आईला कसं भरवायचं ते मला परक्या घरून आलेल्या बाईला विचारावं लागलं होतं. चौथ्या दिवशी मी तिला परत नेऊन सोडलं. माझ्या हट्टापायी ती तीन दिवस उपाशी राहिली होती.

पुढे दीड महिन्यानं सकाळी रतनचा फोन आला. आई गेली होती. रतन रडत होती, पण मध्येच म्हणाली, "ताई, येताना साडी घिऊन या. माहेरची."

बाई गेली की अंगावर घालायची शेवटची साडी तिच्या माहेरहून येते. आईच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं. मामा वारला, त्याची मुलं गाव सोडून गेली. मी म्हटलं, "मी लेक हाय रतन. माहेर न्हवं."

"आत्याबाईंनीच सांगून ठिवलंय," ती म्हणाली. सासूला ती आत्याबाईच म्हणायची. "धडधाकट हुत्या तव्हाच. म्हनल्या, माज्या माहेरात आता कुनी न्हाई, माजी कांताच माजं माहेर. साडी तिच्याच हातची नेसवा, दुसऱ्या कुनाची घिऊ नगा."

मी जामखेडात दुकान उघडायला लावलं. दुकानदार हिरवी, अबोली, जांभळी अशा साड्या टाकत गेला. मी हिरवी उचलली आणि भाव केला नाही म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. गावात पोचले तेव्हा बायकांनी वाट करून दिली. आईला मी आणि रतननं मिळून साडी नेसवली. निऱ्या मी घातल्या. रतननं नुसतं धरलं.

नंतर अंगणात मी तिला विचारलं, "कधी म्हनली हुती ती हे?"

"चार वर्सं झाली, ताई."

चार वर्षं. त्या चार वर्षांत मी त्या दारात किती वेळा आवाज चढवला, किती वेळा रतनला परकी म्हटलं. तिनं एकदा जरी हे वाक्य माझ्या तोंडावर फेकलं असतं, तरी मी गप्प झाले असते. तिनं ते आईसाठी जपून ठेवलं.

मी आईचं माहेर होते. जगात मला याहून मोठं काही मिळालेलं नाही. पण आईनं ते मला सांगितलं नाही, रतनला सांगितलं. त्याचा राग मला अजून आहे.