टॉवेलाची मान

मंजुळामावशीचा मला आधी रागच यायचा, हे सांगून टाकलेलं बरं. १९८६ साली मी दहावीला इंग्रजीत आपटले आणि बाबांनी मला ठाण्यात चर्चमागच्या गल्लीत ॲडेलिन टीचरच्या दुपारच्या शिकवणीला घातलं. टीचर शाळेतून रिटायर झालेल्या, कडक इस्त्रीचा फ्रॉक घालणाऱ्या आणि त्याहून कडक बोलणाऱ्या. त्यांच्या ओट्यावर आम्ही सहा नापास मुली बसायचो, आणि सातवी ही मंजुळामावशी, चौतीस वर्षांची बाई, चेंदणी कोळीवाड्यातली, नेमकी माझ्या शेजारी. नवऱ्यानं, म्हणजे दामाजीनं, खाडीतून आणलेली मासळी ती वाटेत दोन-तीन घरी पोचवायची. त्यामुळे तिची पिशवी कायम ओली. मी नाकाला रुमाल लावला की ती हसायची.

"कोलंबी हाय गो सरोज, चावत नाय."

मला आणखीच राग यायचा.

ती एका प्रसूतिगृहात बारा वर्षं आया होती. जन्मलेलं मूल डॉक्टरीणबाईंच्या हातून तिच्या हातात यायचं. ते पुसायचं, गुंडाळायचं, आईजवळ द्यायचं, हे तिचं काम. तिच्याबरोबर टेंभी नाक्यावरून चालत जाणं म्हणजे शिक्षा होती. दर दहा पावलांवर ती थांबायची आणि शाळेतून येणाऱ्या एखाद्या दोन वेण्यांच्या पोरीकडे बोट दाखवून अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असं सांगायची, "हिला पहिल्यांदा मी पुसली!" ती पोरगी लाजून चूर व्हायची. माझंही तेच व्हायचं.

एवढं असूनही ही बाई दहावीचं इंग्रजी घेऊन का बसलीय, हे मी तिला एकदा फटकळपणे विचारलं. ती पटकन गंभीर झाली.

"पोर अडलं ना, का पयला हुकूम मना, आयेलाच होतो. मावशी, बाहेर हो. बारा वर्सं दाराबाहेर उभी राह्यलंय. आता मना बाहेर नाय व्हायचं."

कल्याणला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नर्सिंगचा कोर्स होता. अट दोन गोष्टींची: दहावी पास आणि वय पस्तिशीच्या आत. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून तिनं बाकीचे विषय सोडवले होते, इंग्रजी दोनदा राहिलं होतं. येत्या ऑगस्टात तिला पस्तीस पूर्ण होणार होती. म्हणजे मार्चची परीक्षा सुटली नाही, की संपलं. त्या दिवसापासून मी रुमाल जरा उशिरा लावायला लागले.

टीचर एकटा शब्द कधी शिकवायच्या नाहीत, त्याची सगळी भावकी आणून बसवायच्या. होल्ड आला की मागोमाग ग्रिप, ग्रास्प, क्लच, क्लास्प, क्लिंग. आम्ही पोपटासारखं म्हणायचो. मंजुळामावशी मात्र तिसऱ्या शब्दाला अडायची.

"टीचर, समद्यांचा अर्थ धरनं. मंग एवढे शब्द कनाला?"

"परीक्षेत लिहायला," टीचर म्हणायच्या. "पाठ कर."

ती पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं सपाट. दामाजी म्हणे घरी वैतागून म्हणाला होता, आता तर मलापण पाठ झालं.

नाताळच्या आदल्या दिवशी तिनं टीचरना जिवंत चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, टोपली आणली. मोठ्या, काळ्या, भरलेल्या. ती हात धुवायला मागच्या नळावर गेली आणि टीचर टोपलीशी वाकल्या. नांग्या दोऱ्यानं बांधलेल्या आहेत म्हणून त्यांनी बिनधास्त एक उचलली. नेमका तिचा दोरा सुटलेला. चिंबोरीनं त्यांचं बोट धरलं. टीचर किंचाळल्या आणि हात झटकायला लागल्या. आम्ही सहाजणी मदत म्हणून त्यांच्याहून मोठ्यानं किंचाळत होतो.

मंजुळामावशी ओल्या हातांनी पाण्याची बादली घेऊन धावत आली.

"खेचू नको! खेचशील तर आनखी धरंल. हात बालदीत घाल न ढिला सोर. सोर म्हनते ना!"

टीचरना एकेरीत हुकूम सोडणारं माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. टीचरनी मुकाट्यानं बादलीत हात घातला आणि सैल सोडला. थोड्या वेळानं चिंबोरीनं बोट सोडलं आणि ती तळाशी जाऊन बसली. टीचरच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी बोट तोंडात घातलं, बाहेर काढलं आणि त्या एकदम ओरडल्या.

"क्लच! मंजुळा, हाच तो क्लच! जीव घाबरला की धरतो ना, घट्ट, तो क्लच!"

मंजुळामावशीचा चेहरा असा उजळला की मला हसावं की रडावं कळेना. त्या दुपारी शिकवणी वेगळीच झाली. बोटाला हळदीची पट्टी बांधून टीचर एकेक शब्द विचारत होत्या आणि ती एकेक वस्तू सांगत होती. वल्हं धरतात ती ग्रिप. खडकाला कालवांचे शिंपले चिकटतात ते क्लिंग. जाळ्यातून निसटती बोय मासळी झडप घालून धरली तर ग्रास्प. टीचर चर्चमध्ये दोन हात जोडून धरतात तो क्लास्प. आम्हीही भराभर वहीत उतरवून घेतलं.

"आणि तान्हं मूल?" मी विचारलं.

तिनं आपले दोन्ही तळहात उघडून बघितले. "यातला कुठलाच नाय."

"मग तोच होल्ड," टीचर म्हणाल्या. "सगळ्यांत साधा."

जूनमध्ये निकाल लागला. तिला अडतीस, मला एकेचाळीस. टीचरकडे पुन्हा चिंबोऱ्या आल्या, या खेपेला नांग्या तीन-तीनदा बांधून. टीचरनी टोपली काठीनं लांब सरकवली.

कल्याणच्या मुलाखतीला तिनं सोबत मला नेलं. कारण इंग्रजीत मी तिच्याहून तीन मार्कांनी हुशार होते. मी बाहेर बाकावर बसले. दार अर्धं उघडं होतं, आतलं सगळं दिसत होतं. टेबलामागे तिघं, मध्ये पांढऱ्या साडीतली मेट्रन, तिच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल. मराठीतले प्रश्न छान गेले. मग मेट्रननं इंग्रजी काढलं.

"हाऊ डू यू होल्ड अ न्यूबॉर्न?"

मंजुळामावशीचे ओठ पाठ केलेले शब्द शोधत नुसते हलत राहिले. डावीकडच्या गृहस्थानं पेनाला टोपण लावलं. बारा वर्षं जे हात हेच करत आले, त्यांच्या मालकिणीला हे सांगता येऊ नये? मला तिचा राग आला, त्या गृहस्थाचा आला, इंग्रजीचा तर फारच आला.

तेवढ्यात ती उठली. सरळ टेबलाला वळसा घालून गेली आणि मेट्रनच्या खुर्चीवरचा टॉवेल ओढून घेतला. मेट्रन बघतच राहिली. मावशीनं टॉवेलाची गुंडाळी केली, डाव्या हातावर निजवली, उजवा तळवा एका टोकाखाली सरकवला. आणि तिचे खांदे सैल झाले.

"नॉट ग्रिप," ती म्हणाली. थांबली. "नॉट क्लच. बेबी विल क्राय. नॉट क्लिंग." मग टॉवेलाकडे बघत, हळू आवाजात, "ओन्ली होल्ड. मान... नेक! नेक ऑन माय हँड."

मेट्रननं आपला टॉवेल परत घ्यायला हात पुढे केले. मावशीनं तो, मूल देतात तसा, सावकाश दिला. आणि घेताना मेट्रनचा तळवा आपसूक त्या टोकाखाली गेला, मानेखाली. तशीच ती तो धरून बसली, पुढच्या बाईला आत बोलावेपर्यंत.

यादी आठवड्यानं लागली, तीत तिचं नाव होतं. पण मला त्याच वेळी कळलं होतं. मी बाकावर बसून रडत होते आणि रुमाल शोधत होते.