दादाच्या खांद्यावरची गोणी

मी चौथीत असताना आमच्या दादाची गोणी होते. गोणी म्हणजे कुस्तीच्या मेहनतीसाठी तो उचलायचा ते वजन. खांद्यांवरून पाय पुढे सोडायचे, त्याचं कपाळ दोन्ही हातांनी धरायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. तो हळूहळू खाली बसायचा आणि एका झटक्यात उडी मारून खळ्याच्या बांधावर चढायचा. त्या उडीची भीती वाटते हे मी कुणाला सांगितलं नाही. दादाला मात्र कळत असणार, कारण माझी नखं त्याच्या कपाळात रुतायची.

मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याच्या पुढे, घाटाच्या अलीकडे आमचं गाव. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दादा मुरबाडला तालमीत जायचा. अंगात ताकद भरपूर, पण जत्रेतल्या कुस्त्या हरून यायचा. त्याचे वस्ताद म्हणाले, "ताकद हाय रे, पन झटका नाय. तू उचलीपर्यंत समोरचा घरी जाऊन जेवून येल. वजन घेऊन सावकाश बस आनि उठताना उडी मार." दादाने आधी वाळूची गोणी घेतली. वाळू एका बाजूला सरकायची आणि तोल जायचा. मग त्याने मला घेतलं.

नाही म्हणायची सोय होती. आई तर रोज ओरडायची. पण मला त्या उडीपेक्षा मोठी भीती होती. शेजारच्या पाड्यातला एक पैलवान आदल्या वर्षी कुस्तीत मानेवर पडला होता. तेव्हापासून तो ओटीवर खाटेला खिळून असायचा. बायको भाताचे घास भरवायची आणि तो नुसते डोळे फिरवायचा. शाळेत जाताना त्या घरासमोरून मी पळत सुटायचे. दादाच्या अंगात झटका आला नाही, तर एक दिवस आमच्याही ओटीवर तशीच खाट पडेल, याची मला खात्री होती. म्हणून मुकाट्याने खांद्यावर बसायचे.

उडी झाली की दादा मला खाली ठेवायचा. एक हात मानेमागे, एक कमरेला, अगदी अलगद. "मान आत घे गो," हे दर वेळी सांगायचा.

पुढच्या जत्रेत दादाची कुस्ती शहापूरकडच्या एका दांडग्या पैलवानाशी लागली. मी बाबांच्या दंडाला धरून बसले होते. डोळ्यांसमोरून ती खाट हलत नव्हती. बराच वेळ दोघे नुसते झटत राहिले. मग दादा खाली बसला आणि एकदम उठला. ती उडी मी ओळखली. दांडगा पैलवान उताणा हवेत गेला. त्याचं डोकं मागे लोंबत होतं. मी किंचाळले, "मान आत घे!" गोंगाटात ते बाबांनाही ऐकू गेलं नाही.

दादाने त्याला आपटलं नाही. एक हात मानेमागे, एक कमरेला. अलगद पाठीवर ठेवलं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "नुरा कुस्ती!" ही कुस्ती आधीच ठरवून केली, असं लोकांना वाटलं. शिट्ट्या झाल्या, ढेकळं आली. पंचांनी निकालच दिला नाही. दादाला नारळही न देता आखाड्याबाहेर काढलं.

वस्तादांनी त्याला बाजूला घेतलं. "कोनाला घेऊन मेहनत करीत होतास?"

दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. "तरीच! तुझा हात वजन उचलायला शिकला, आपटायला नाय शिकला. उद्यापासून गोन घे. गच्च भर म्हंजे सरकायची नाय. आनि वरून फेकायची."

दुसऱ्या दिवशी दादाने मला उठवलं नाही, पण सवयीने जाग आली. मी खळ्याकडे गेले. गोणी वर गेली आणि धाडकन खाली आली. पुन्हा वर, पुन्हा धाडकन. दादाला झटका साधला होता, आता आमच्या ओटीवर खाट पडणार नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं.

त्याने हसून हाक मारली, "ये गो, बघ!"

मी बांधाच्या अलीकडेच उभी राहिले. गोणी पडली की माझी मान आपोआप आत जात होती.