सकाळीच फोडलेलं लेमन

मला दोन ठिकाणी नाकारलं होतं. रंगाने काळी आणि तोंडाने फटकळ म्हणून. दोन्ही खरंच होतं. तिसरं स्थळ कर्जतचं आलं. मुलगा सोड्याच्या कारखान्यात लेमनच्या बाटल्या भरायचा. बाबांनी हट्टच धरला, पाहुण्यांना चहा नाही, लेमनच द्यायचं. लढाईचे दिवस, साखर परमिटावर, गोड लेमन सहज मिळत नसे. तरी बाबांनी खटपट करून नेरळहून सहा बाटल्या आमच्या गावी, पोशीरला आणल्या आणि रात्रभर विहिरीत सोडून ठेवल्या.

आमच्या घरात लेमन कोण प्यायलंय! जत्रेत लांबून बघितलेलं. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असते, ती अंगठ्याने आत दाबायची, एवढंच ऐकून माहीत. ऐन वेळी दाबता आली नाही तर चारचौघांत शोभा व्हायची. म्हणून मी शहाणीने सकाळीच सगळ्या बाटल्या फोडल्या. गोटी आत गेली की फस्सकन फेस वर यायचा, लिंबाचा वास नाकात शिरायचा. अगं बाई, काय मजा वाटली मला! सगळं कळशीत ओतलं आणि वर ओलं फडकं बांधलं.

दुपारी पाहुणे आले. मुलाच्या आईने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"लेमन म्हंता ना ह्याला? ह्यात तर जीवच नाय."

बाबांचा चेहरा उतरला. "बाटल्याच शिळ्या दिल्या वाटतं मेल्यांनी," ते पुटपुटले.

मला राहवलं नाही. "बाटल्या चांगल्या व्हत्या. मीच सकाळी फोडल्या, पाव्हणं ताटकळू नयेत म्हणून."

आईने कपाळावर हात मारला. गेलं हेही स्थळ! मला रडू आवरेना.

मुलगा पेल्यात बघत होता. आमची फजिती त्याच्याइतकी कुणाला कळणार? त्याने पेला एका दमात रिकामा केला आणि माझ्यापुढे धरला.

"अजून हाय का?" मग आपल्या आईकडे वळून म्हणाला, "आये, पी तू पण. हिला गप बसता आलं असतं."

वैशाखात आमचं लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात ते कारखान्यातून एक बाटली घेऊन आले, गोटी कशी दाबायची ते शिकवलं. मी फसफसतं लेमन पेल्यात ओतून घाईघाईने त्यांच्यापुढे केलं, तर त्यांनी पेला बाजूला ठेवला.

"बसू दे जरा फेस," ते म्हणाले. "असलं मी रोज पितो. मला तुझ्या हातचं पायजे."