भागीरथीबाई, वय वर्षे अडीच

नामाचा महिमा सांगण्यात माझे आयुष्य गेले, आणि आता पाहतो तर पदरी जमले आहेत ते नावांचे किस्से! देवघरातल्या निर्माल्यासारखे ते साठत जातात. टाकवत नाहीत, आणि ठेवायचे कुठे तेही कळत नाही. आमच्या शनिवारच्या भजनी मंडळात यांतले बरेचसे सर्वांच्या तोंडी आहेत. तिथे ते निघाले की हशा होतो. मीही हसतो.

आमचे गाव कृष्णाकाठचे, कराड आणि सांगली यांच्या मधले. मंडळात मुख्य आम्ही तिघे. मी वीणा धरतो. मला सारे अण्णा म्हणतात. फौजेतून पेन्शन घेऊन आलेले सुभेदार टाळ वाजवतात. तिसरे रमजानभाई. त्यांचा पिढीजात धंदा वाद्यदुरुस्तीचा. आमच्या पखवाजाला शाई भरायला म्हणून आले, ते पंधरा वर्षे उठलेच नाहीत!

गावात मूल जन्मले की नाव सुचवायला लोक माझ्याकडे येत. तो सत्तर-बहात्तरचा काळ. पाळण्यापाळण्यांतून संगीता, सुनीता आणि वैशाली निजत होत्या. मी मात्र द्वारका, गोदावरी, रुक्मिणी, सगुणा अशी नावे काढून देई. लेकराला हाक मारता मारता देवाचे स्मरण घडावे, हा हेतू.

एकदा सुभेदार आपल्या नातीसाठी नाव विचारायला आले. मी म्हणालो, "द्वारका."

सुभेदारांनी टाळ खाली ठेवले. "आवं अण्णा, तुमच्याकडं पोरगी आणायची म्हंजे पंचाईतच! पाळण्यातली घेता आन् म्हातारी करून परत देता!"

नातीचे नाव त्यांनी सुरेखा ठेवले.

*

माझा हा छंद जुना. विसाव्या वर्षी माझे लग्न झाले. वधूचे माहेरचे नाव बदलायचे, आणि नवे नाव वराने तांदळाच्या ताटात अंगठीने लिहायचे, ही रीत. इतर नवरदेवांना नाव सुचवावे लागते. मी ठरवूनच आलो होतो. ठसठशीत अक्षरांत लिहिले, 'भागीरथी'. तिचे आधीचे नाव भटजींनी विधीत एकदा पुटपुटले असेल; माझे लक्ष माझ्या अक्षराकडे होते.

माझी आजी कौतुकाने म्हणाली, "पोरानं गंगाच घरात आणली की गं बाई!"

साखर वाटली गेली. वधू मात्र ताटाकडे कितीतरी वेळ खाली मान घालून पाहत राहिली. मी मनात म्हटले, केवढा हा भाव! नावाचे पावित्र्य हिला पहिल्याच क्षणी उमगले!

तिला वाचता येत नाही, हे मला दोन महिन्यांनी कळले.

*

आणि एवढ्या हौसेने दिलेले ते नाव मी उच्चारले कधीच नाही! आमच्या पिढीत बायको जशी नवऱ्याचे नाव घेत नसे, तसा भला माणूस चार लोकांत बायकोलाही नावाने हाक मारत नसे. पुढे चार लोक नसतानाही ती सवय सुटली नाही. "अगं, ऐकलंस का?" एवढ्या शब्दांवर आमचा चौतीस वर्षांचा संसार झाला.

ती आजारी पडली तेव्हा तिला मिरजेच्या एका दवाखान्यात नेले. केसपेपर काढणाऱ्या कारकुनाने विचारले, "पेशंटचं नाव?" मागे मोठी रांग. विष्णूची सहस्र नावे न अडखळता म्हणणारा मी. माझ्या तोंडून एक नाव निघेना! शेवटी खिशातली पेन्सिल काढली आणि कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिले.

कारकुनाने बाकावर बसलेल्या तिला विचारले, "आजी, हे मुके आहेत का हो?"

ती म्हणाली, "न्हाई हो. भजनी हायेत!"

सारी रांग हसली. तीही फार दिवसांनी हसली.

दीड महिन्याने ती गेली. शेवटच्या सकाळी मी तिच्या कानाशी देवाची नावे घेत बसलो होतो. तिचे घेतले नाही.

*

दोन वर्षांनी माझ्या मुलाला, वसंताला, मुलगी झाली. वसंता साखर कारखान्यात टाइमकीपर. सून शालिनी सांगलीची, मॅट्रिक झालेली. दोघांनी मनीषा हे नाव योजले होते. मी ठामपणे सांगितले, नाव भागीरथीच ठेवायचे. राहून गेलेली हाक नातीच्या निमित्ताने रोज मारावी, एवढेच माझ्या मनात होते. पण तसे मी कोणाला सांगितले नाही. सांगितले ते गंगेचे माहात्म्य.

बारशाला माझ्या मुलीने, आत्या म्हणून, बाळाच्या कानात नाव सांगितले. बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के मारले. घुगऱ्या वाटल्या. त्या गलक्यात शालिनी हळूच म्हणाली, "अण्णा, हे सासूबाईंचं नाव. मी कसं घेऊ? माझ्याच लेकीला हाक काय मारू?"

मी हसून म्हणालो, "अगं, गंगेचं नाव घ्यायला बंदी कसली?"

दाराशी घुगऱ्या खात बसलेले रमजानभाई म्हणाले, "मग अण्णा, आधी तुमीच एकदा घिऊन दाखवा की!"

बायका खळखळून हसल्या. शालिनीला आणखी काही सांगायचे होते. मी आरती सुरू केली.

*

नात अडीच वर्षांची असताना गावच्या जत्रेत हरवली. शालिनी "अगं ए! अगं ए पोरी!" करत गर्दीतून धावत होती. प्रत्येक हाकेला दहा पोरी वळून पाहत, आणि त्यांच्या दहा आयाही!

सुभेदारांनी तमाशाच्या तंबूतला लाउडस्पीकर ताब्यात घेतला आणि फौजी आवाजात पुकारले, "अटेन्शन! भागीरथीबाई हरवल्यात! दिसतील तिथनं ताबडतोब स्टेजकडं आणावं!"

घाईत वय सांगायचे राहिले. पाव तासात स्वयंसेवकांनी तीन म्हाताऱ्या हजर केल्या! त्यांतली एक हात हिसडत ओरडत होती, "सोड रं मुडद्या! हरवली न्हाई मी, जिलबी खात हुती!"

सुभेदारांनी शांतपणे मला विचारले, "अण्णा, ह्यातली तुमची कंची?"

मग पुन्हा लाउडस्पीकर तोंडाशी धरला. "करेक्शन! भागीरथीबाई, वय वर्षे अडीच!" सारी जत्रा हसत सुटली.

तेवढ्यात खेळण्यांच्या पालांमागून शालिनीचा आवाज आला, "चिमा! ए चिमे!" आणि नात कुठूनशी धावत येऊन तिला बिलगली.

घरी परतताना मी सुनेला सुनावले, "पवित्र नाव सोडून हे चिमा कसलं? मांजरीला हाक मारावी तसं! पुन्हा माझ्या कानांवर येता कामा नये."

तिने मान खाली घातली. पुन्हा ते माझ्या कानांवर आले नाही. मागच्या दारी चालू राहिले असावे.

*

पुढे नात बालवाडीत जाऊ लागली. महिन्याने तिथल्या बाई आमच्या ओट्यावर आल्या, हजेरीचे रजिस्टर काखेत.

"अण्णा, तुमची नात रोज येते आणि रोज गैरहजर असते!"

"म्हणजे?"

"पहिल्या रांगेत बसते. मी 'भागीरथी' पुकारते. ती मागं वळून बघते, कोण म्हातारी आलीय म्हणून!"

मला तिचे नाव तिला शिकवणे भाग होते. संध्याकाळी दिवा लावल्यावर तिला मांडीवर घेतले. कपाळावर बुक्का लावला. म्हटले, बाळ, मी हाक मारतो, तू 'ओ' म्हणायचे. ती सावरून बसली, डोळे मोठे करून माझ्या ओठांकडे पाहू लागली. मी देवाकडे पाहिले, घसा खाकरला, ओठ जुळवले.

तोंडातून निघाले, "अगं, ऐकलंस का?"

नात आनंदाने म्हणाली, "ओ!"

*

नातीला पाच वर्षे झाली त्या साली बायकोची धाकटी बहीण सोनाबाई मुंबईहून आली, तेराव्यानंतर प्रथमच. माण तालुक्यातल्या त्या माहेरची ती एवढीच उरलेली. आईबाप लवकर गेले. मी तर ते घर दोनदाच पाहिले. सोनाबाई बायकोला आक्का म्हणे, आणि मला दाजी.

शनिवार होता. सुभेदार आणि रमजानभाई मला देवळात न्यायला आलेले. सगळ्यांना चहा झाला. शालिनीला मी बाहेरच्या खोलीत आहे याचा विसर पडला असावा. मागच्या अंगणात मातीत खेळणाऱ्या नातीला तिने मोठ्याने हाक मारली, "चिमा! अगं चिमा, हात धू, मुंबईची आजी आलीय बघ!"

मी रागाने उठलो. पण माझ्या आधी सोनाबाई उठली होती. तिच्या हातातली बशी कलंडून चहा लुगड्यावर सांडला होता, त्याचे तिला भान नव्हते. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेली.

"पोरी, काय म्हनलीस? हे नाव तुला कुनी सांगितलं?"

शालिनीने माझ्याकडे पाहिले.

"सांग की गं बाई."

"सासूबाईंनी," शालिनी म्हणाली. "माझं लग्न झालं त्या वर्षी, भाकरी थापताना. म्हणाल्या, 'माझी आई मला चिमा म्हनायची. तुला पोरगी झाली तर तेच म्हन. तेवढं कानावर पडू दे. आन् भिऊ नगं, ह्या नावाला बंदी न्हाई. ते ह्या घरचं न्हाई.'"

सुभेदारांनी टाळांची पिशवी उगाच उघडली आणि पुन्हा बांधली. रमजानभाई जमिनीकडे पाहत राहिले. नात चिखलाच्या हातांनी धावत आली. सोनाबाईने तिला तशीच पोटाशी धरली. पदराने डोळे पुसले. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. ती खरोखरीच विचारत होती.

"दाजी, आई गेल्यावर आक्काला चिमा म्हननारं कुनी ऱ्हायलंच न्हाई. मग चौतीस वर्सं तुमी तिला काय म्हून हाक मारत हुता?"