एका नंबरावर चार मालकिणी

आमच्या कंपनीच्या मालकांचा पानशेतला, धरणाच्या काठावर, बंगला आहे. महिन्यातून दोन शनिवार तिथे जाऊन ते भाकरी आणि गावरान कोंबडी खातात. त्यामुळे ग्रामीण भाग त्यांना अगदी आतून ठाऊक आहे. वेल्ह्यातल्या डोंगरवस्त्यांवरच्या शेळ्या-मेंढ्यांच्या लसीकरणाची नोंद ठेवणारं वेब ॲप करायचं काम कंपनीला मिळालं, तेव्हा त्यांनी मीटिंगमध्ये माझ्याकडे बोट दाखवलं. ''ही तिकडचीच आहे.''

मी सारोळ्याची. नीरेच्या पुलाजवळ, हायवेला लागून आमचं घर. माझ्या लहानपणी मी जेवढे ट्रक पाहिले त्याच्या दहाव्या हिश्शानेही शेळ्या पाहिल्या नाहीत. पण पुण्यातल्या काचेच्या खोलीतून पाहिलं की सारोळं आणि पासली शेजारी-शेजारी दिसतात, आणि मीही गप्प बसले, कारण या कामासाठी भोरला सासरी राहून घरूनच काम करता येणार होतं.

ॲप मी तीन आठवड्यांत लिहिलं. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माहिती तक्त्यांमध्ये साठवलेली असते. एक तक्ता माणसांचा, एक जनावरांचा. आपल्या प्रोग्राममध्येही 'मालक' आणि 'जनावर' अशा दोन गोष्टी असतात. कुठली गोष्ट कुठल्या तक्त्यातून उचलायची आणि कुठलं जनावर कुठल्या मालकाला जोडायचं, हे आपण एकदा नीट सांगून ठेवायचं. याला मॅपिंग म्हणतात. ते बरोबर असेल तर पुढचं सगळं फ्रेमवर्क, म्हणजे ज्यावर आपला प्रोग्राम उभा असतो तो तयार सांगाडा, आपोआप करतं. चूक असेल तर तेही आपोआपच करतं.

मी सांगून ठेवलं ते असं: एका जनावराला एक मालक. मालकाची ओळख म्हणजे त्याचा मोबाईल नंबर. मालकाशिवाय जनावर नाही. मला हे इतकं स्वच्छ आणि सुंदर वाटलं होतं की मी त्या आकृतीचा फोटो काढून ठेवला होता.

पहिलं शिबिर पासलीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धनगरवस्तीवर झालं. टॅबलेट घेऊन वेल्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले पर्यवेक्षक गेले होते. पन्नाशीचे, सडपातळ, कधीही आवाज न चढवणारे गृहस्थ. अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला.

''मॅडम, तुमचं ॲप म्हणतंय, मालक आधीपासून आहे.''

''मग तो आधीपासून असेल, सर.''

''आधीपासून आहेच की. माझ्यासमोर बसल्यात बाई. साठ वर्षांपासून आहेत. पण नोंद होईना.''

वस्तीवर घरं चार आणि मोबाईल एक. तो एका घरातल्या पिकअप चालवणाऱ्या तरुणाचा. तोही वस्तीच्या वरच्या खडकावर ठेवला तरच चालायचा, म्हणून तिथेच ठेवलेला असायचा; शिबिरही त्यामुळे खडकाजवळच भरलं होतं. चारही घरांच्या बायकांनी तोच नंबर दिला होता. आता एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, हे मी पर्यवेक्षकांना सांगितलं नाही. ''सर, पाच मिनिटं द्या,'' म्हटलं आणि नंबर वेगवेगळाच हवा ही अट काढून टाकली. खरंच पाच मिनिटांत. नोंदी धडाधड व्हायला लागल्या. संध्याकाळपर्यंत चार घरांच्या सगळ्या शेरडांच्या कानात बिल्ले गेले, लस टोचून झाली आणि मी स्वतःला बक्षीस म्हणून भोरच्या बाजारपेठेतून पावशेर जिलेबी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वस्तीचं पान उघडेना. पडद्यावर लाल अक्षरांत सव्वाशे ओळी. त्यातल्या एकशे चोवीस ओळींत फ्रेमवर्क स्वतःच्या पोटात काय काय चाललंय ते सांगत होतं. कामाची ओळ एकच होती: एक उत्तर अपेक्षित होतं, चार मिळाली. म्हणजे अट मी काढली, पण मालक शोधायची रीत तीच राहिली होती. प्रोग्राम अजूनही मोबाईल नंबर घेऊन मालक शोधत होता आणि त्याला एकाच्या जागी चार बायका सापडत होत्या.

आमच्या सीनियरना व्हिडिओ कॉल लावला. हे गृहस्थ कुठल्याही आजारावर आधी सर्व्हर बंद करून चालू करायला सांगतात. तो केला. मग कॅशे, म्हणजे तात्पुरती साठवण, पुसायला सांगितली. ती पुसली. मग त्यांनी तक्ता उघडून पाहिला आणि समाधानाने मान हलवली.

''डुप्लिकेट डेटा आहे. एकच नंबर चारदा. पहिली नोंद ठेव, बाकीच्या उडव.''

''पण सर, त्या चार वेगळ्या बायका आहेत.''

''एका नंबरावर चार माणसं? प्रत्यक्षात असं नसतं गं.''

हे बाणेरच्या दहाव्या मजल्यावरून आलं, म्हणजे प्रश्नच मिटला. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावर ढकलून उपयोग नाही. त्या नोंदी पुसणारं बटण मी दाबलं. मला उशीर होत होता, पान उघडत नव्हतं आणि 'बाकीच्यांना नंतर पुन्हा भरू' असं मी मनाशी म्हटलं.

मॅपिंग लिहिताना मी आणखी एक सोय करून ठेवली होती. मालक पुसला की त्याला जोडलेलं सगळं त्याच्यामागून पुसलं जावं, म्हणजे तक्त्यात कचरा राहत नाही. तीन मालकिणी गेल्या आणि त्यांच्यामागोमाग सदतीस शेळ्या, त्यांचे बिल्ले आणि लसीच्या तारखा गेल्या. कचरा उरला नाही. शिवाय नोंद रद्द झाली की मालकाला संदेश जायचा. रद्द होण्याची कारणं तीन ठेवली होती: मृत, विकले, दुसरीकडे दिले. कुणी काही निवडलं नाही तर यादीतलं पहिलं धरायचं, हाही माझाच निर्णय.

तर त्या खडकावरच्या मोबाईलवर पाठोपाठ तीन संदेश पडले. आपल्या जनावरांची नोंद रद्द करण्यात आली आहे. कारण: मृत.

त्यानंतरच्या सकाळी पर्यवेक्षकांचा फोन आला. ''मॅडम, जरा वेल्ह्याला येता का? हितं एक आजी शेळी घेऊन आल्यात. ती शेळी तुमच्या ॲपमध्ये मेलीये.''

स्कूटरवरून कापूरव्होळ, नसरापूर करत वेल्ह्याला पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. दवाखान्याच्या पडवीत एक म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावरून पदर, पायात टायरच्या चपला. शेजारी खांबाला काळी शेळी बांधलेली, ती दवाखान्याचं सूचनापत्रक खात होती. खडकावर मोबाईल ठेवणारा तो तरुण आजींचा पुतण्या; त्याने दोघींना पिकअपमधून आणून सोडलं होतं आणि तो भाड्यावर निघून गेला होता.

''तूच का ती मोबाईलवाली?'' आजींनी विचारलं.

''व्हय, आजी.'' मी एरवी 'हो' म्हणते.

''मग बघ हिच्याकडं. मेल्यावानी दिसती का?''

''नाही, आजी.''

''वस्तीत रातभर कुनी जेवलं न्हाई. माझ्या जावंला वाटलं, त्या सुईनं इख भिनलं. ती दर घटकंला उठून शेरडं मोजत हुती. मोजली की समदी हायेत, आन मोबाईल म्हनतोय मेली. कुनावर इस्वास ठिवायचा?'' मग त्या पर्यवेक्षकांकडे वळल्या. ''ह्यो तुमचा उद्योग, डाक्टर. तुमीच त्या पाटीवर बोटं मारीत हुता. आता पुन्हा माझ्या वस्तीवर सुई घिऊन आलात तर बघा.''

पर्यवेक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायची जागा माझी होती. मी म्हणाले, ''सिस्टीममध्ये थोडी अडचण आली होती.''

आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात उपयोगी वाक्य. त्यात कर्ता नसतो. आजींना सिस्टीम म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांनी ती पर्यवेक्षकांच्या नावावर जमा केली. पर्यवेक्षकांनी आत जाऊन आजींसाठी चहा सांगितला.

बॅकअपमधून सगळं परत आणता येईल म्हणून मी निर्धास्त होते. बॅकअप दर रविवारी घेतला जात होता. शिबिर मंगळवारी झालं होतं. बॅकअपमध्ये काही नाही, एवढं मी पर्यवेक्षकांना सांगितलं. तेव्हा पर्यवेक्षकांनी कपाटातून एक लांबोडी वही काढली. आमच्या कंपनीने त्यांना कागदावर लिहायची सक्त मनाई केली होती, पेपरलेस म्हणून. त्यांनी सगळ्या बिल्ल्यांचे नंबर आणि तारखा शिबिरातच गुपचूप लिहून घेतल्या होत्या.

''मालकांची नावं कुठंयत, सर?''

''ती नाही लिहिली. वस्तीवर सगळ्यांना माहिती असतं की कोणाची कुठली.''

म्हणून मग दुसऱ्या दिवशी मी पासलीपर्यंत एसटीने आणि पुढे पाऊण तास चढून वस्तीवर गेले. भातखाचरं खाली राहिली आणि माझा दम त्यांच्याही खाली. आजी गोठ्याच्या दारात वाट पाहत होत्या. मी वहीतला नंबर वाचायचा, त्यांनी बिल्ला पाहून मालकीण सांगायची, असं ठरलं. अर्ध्या तासात उरकेल असा माझा अंदाज होता.

''ही कोणाची, आजी?''

''ही माझी. पर पाळती माझी जाऊ. अर्धलीनं दिलीया.''

''म्हणजे?''

''म्हंजी शेळी माझी, राबनूक तिची. करडं झाली की एक तिला, एक मला.''

''मग लिहू कोणाची?''

''दोगींची लिव की. दोगी काय भांडतोय व्हय?''

पुढची शेळी आजींच्या लेकीची होती. लेक भोरजवळ नांदत होती आणि शेळी माहेरी. त्यानंतरची तिघींनी मिळून घेतलेली. मी कागदावर रेघा ओढत गेले आणि माझी ती स्वच्छ, सुंदर आकृती मला आठवून लाज वाटत राहिली. एका जनावराला एक मालक! त्या अख्ख्या गोठ्यात तशा जेमतेम निम्म्या शेळ्या निघाल्या.

शेवटी कोपऱ्यातली एक तांबडी शेळी उरली.

''ती देवाला सोडल्याली. ती कुनाची न्हाई.''

''पण आजी, ॲपला मालक लागतोच.''

''मग देवाचं नाव लिव.''

''मोबाईल नंबरही लागतो.''

आजींनी क्षणभर विचार केला. ''ह्योच दे. हितं समद्यांचा ह्योच हाय.''

मी कागद खाली ठेवला आणि हसले. त्याही हसल्या, पण आम्हा दोघींची कारणं बहुधा वेगळी होती.

भोरला परत आल्यावर दोन दिवस तेच केलं. मोबाईलवरून ओळख काढून टाकली आणि प्रत्येक माणसाला वेगळा क्रमांक दिला. मालक आणि जनावर यांच्यामध्ये तिसरा तक्ता घातला. त्यात नातं लिहायचं: मालकीची, सांभाळायला, वाट्याची. देवाच्या शेळीसाठी नंबराची अट सैल केली. मागोमाग पुसण्याची ती सोय काढली, आणि कारण निवडल्याशिवाय कुठलाही संदेश जाणार नाही असं केलं. मग खऱ्या माहितीची नक्कल घेतली आणि त्यातली एक मालकीण पुसून पाहिली. शेळ्या जागच्या जागी राहिल्या. एका पुसलेल्या ओळीनंतर उरलेल्या ओळींकडे पाहून एवढा आनंद होतो, हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

कंपनीत याचं मोठं कौतुक झालं. मालकांनी सादरीकरणात त्याला 'लवचिक मालकी' असं नाव दिलं आणि ग्रामीण वास्तवाशी आपली नाळ कशी जोडलेली आहे ते वीस मिनिटं सांगितलं. सीनियर म्हणाले, एका नंबरावर अनेक माणसं असू शकतात, हे त्यांनी सुरुवातीलाच माझ्या लक्षात आणून दिलं होतं. मी मान डोलावली. पगारवाढीचा महिना जवळ आला होता.

तीन आठवड्यांनी त्याच वस्तीवर दुसरं शिबिर होतं; या वेळी मीही गेले. पर्यवेक्षक आले नाहीत. त्यांनी एका तरुण सहकारी बाईंना पाठवलं होतं. ''आजींनी येऊ नको म्हटलंय, उगाच कशाला,'' असं ते मला फोनवर म्हणाले. रागाने नाही, साधंच. वीस वर्षं ते त्या वस्तीवर जात होते.

नोंदी दुपारपर्यंत सुरळीत झाल्या. एकही लाल ओळ आली नाही. आजींनी मला घरात बोलावलं, नाचणीची भाकरी आणि खर्ड्याचं ताट पुढे ठेवलं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि परत ताटात ठेवला.

''आजी, त्या दिवशी शेळ्या मेल्याचा निरोप आला ना, ती चूक डॉक्टरांची नव्हती. माझी होती. मी तुमची नावं पुसली.''

''तू?''

''मी. त्यांनी तर वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून सापडलं सगळं.''

''आन त्या दिशी का न्हाई बोललीस?''

''भ्याले.''

मला वाटलं, आता ताट उचलतील. ''म्या त्या मानसाला चारचौगांत बोलले,'' त्या म्हणाल्या. ''त्येच्या हातनं माझ्या किती शेरडांची बाळंतपनं झाल्यात, ठावं हाय का तुला?''

त्यांनी उठून चुलीपाशी आणखी दोन भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या, वर खर्डा ठेवला आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.

''ह्ये त्यास्नी दे. म्हनावं, म्हातारीचं चुकलं. फुडल्या टायमाला तुमीच या. आन तुझं काय चुकलं त्ये तू तुझ्या तोंडानं सांग.''

शेवटच्या एसटीच्या आधीची गाडी मिळाली. वेल्ह्याला दवाखाना बंद करून पर्यवेक्षक कुलूप लावत होते. मी गाठोडं त्यांच्या हातात दिलं, आजींचा निरोप सांगितला आणि पडवीतच माझंही सगळं सांगितलं. कर्त्यासकट. त्यांनी कुलूप पुन्हा उघडलं, आतून दोन खुर्च्या आणल्या आणि फडकं सोडलं. ''बसा,'' म्हणाले. ''भाकरी दोन आहेत. सकाळपासून तुम्हीही काही खाल्लेलं दिसत नाही.''